भिरा–देवकुंड: वाटाड्याबरोबरची वाट, ओढे आणि परतीची वेळ

कातळवाट | ९ सप्टेंबर, सकाळी ८:५०

पाऊस ओसरायला लागला की देवकुंडाबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी.

देवकुंड, म्हणजे धबधबा आणि त्याखालचं कुंड, रायगड जिल्ह्यात, ताम्हिणी घाट उतरून आल्यावर लागणाऱ्या भिरा गावाच्या मागच्या दरीत आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे थेट येता येतं, मुंबईकडून माणगाव गाठून यावं लागतं. कोकण रेल्वेचं स्टेशनही माणगावच. गावापासून कुंडापर्यंत एका बाजूने साधारण ६ किमी, म्हणजे जाऊन-येऊन १२. चढ फार नाही, पण ओल्या दिवसांत दर तासाला अडीच किमीपेक्षा जास्त वेग धरून चालू नका.

वाटेचे तीन तुकडे पडतात. पहिला, गावातून निघून भिरा धरणाच्या फुगवट्याच्या कडेने. सपाट, मोकळा, पाऊण ते एक तास. (इथल्या वीजगृहात येणारं पाणी मुळशीचं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ चा मुळशी सत्याग्रह झाला, त्याचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या या अंगाला उतरतं. वीजगृह १९२७ चं आहे.) दुसरा तुकडा ओढ्यांचा, सगळा धोका इथे. तिसरा दाट रानातून चढत कुंडापर्यंत, मुळं आणि शेवाळलेले धोंडे यांतून. इथे उभ्या चढापेक्षा घसरगुंडीच जास्त दमवते.

ऐन पावसाळ्यात जिल्हा प्रशासन दर वर्षी मनाई आदेश काढतं. तारखा बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या पोस्टवर विसंबू नका. निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करा.

वेळापत्रक असं ठेवावं: भिऱ्यातून सकाळी ७:३०, फार तर ८. कुंडावर १०:३०. कुंडावरून १२:३० ला उठायचं म्हणजे उठायचं. ३ पर्यंत गावात. सप्टेंबर-ऑक्टोबरातला परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर, गडगडाटासह येतो. सकाळी आभाळ निळंशार असतं म्हणून लोक उशिरा निघतात आणि नेमके चारच्या सुमारास ओढ्यावर पोचतात.

नवी_पालवी | ९ सप्टेंबर, सकाळी ११:०५

छान धागा. आमच्या ऑफिसातले १६ जण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात यायचं म्हणताहेत. आयोजक ग्रुपचे दोन लीडर बरोबर असतील. तरीही गावातला वाटाड्या वेगळा घ्यावा लागतो का? आणि घेतला तर त्याला नेमकं काय विचारायचं?

शेवटचा_भिडू | ९ सप्टेंबर, दुपारी १:२०

@नवी_पालवी, हो, घ्याच. लीडर माणसं सांभाळतो, वाटाड्या वाट आणि पाणी सांभाळतो. ही दोन वेगळी कामं आहेत. शहरातला लीडर वर्षातून चार वेळा ही वाट चालत असेल. गावातला माणूस कालही चालून आलेला असतो. कोणता ओढा काल कुठवर होता, कुठला ओंडका वाहून गेला, कुठे दरड सरकली, हे त्यालाच माहीत.

१६ जणांना दोन वाटाडे घ्या. ८ माणसांमागे एक हे ओल्या रानातलं बरं प्रमाण आहे. एक सगळ्यात पुढे, दुसरा मध्ये. लीडरपैकी एकाने शेवटी राहायचं आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

आदल्या दिवशी फोनवर विचारायच्या गोष्टी:

ओढ्यांचं पाणी आज घोट्याला आहे की गुडघ्याला? "थोडंसं आहे" या उत्तरावर थांबू नका, अंगावरचं माप विचारा. मागच्या दोन दिवसांत वर घाटमाथ्यावर पाऊस किती झाला? मनाई आदेश लागू आहे का, प्रवेशाची पावती कुठे फाडतात? वाटेत मोबाईलला रेंज शेवटची कुठे मिळते? (खोऱ्यात शिरल्यावर मिळत नाही असंच धरून चाला.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी वाढलं तर परत फिरायचं कुणी ठरवायचं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गाडीत बसायच्या आधी सगळ्यांसमोर ठरलेलं असावं: वाटाड्या "मागे फिरा" म्हणाला की चर्चा नाही. बहुतेक वेळा बिघडतं ते इथेच. वाटाड्याला पैसे ग्रुप देतो, त्यामुळे १६ जणांच्या आग्रहापुढे तो गप्प बसतो. म्हणून त्याची मजुरी आधी ठरवा आणि कुंड दिसो न दिसो, पूर्ण मिळेल हे त्याला तोंडावर सांगा. मग तो पाण्याकडे बघून निर्णय घेतो, तुमच्या चेहऱ्याकडे बघून नाही.

हीच गोष्ट आयोजकांनाही लागू. रद्द झालं तर पैशांचं काय, हे नोंदणीच्या वेळीच लिहून घ्या. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

पाणलोट | ९ सप्टेंबर, रात्री ९:४०

वर वेळेचं आणि ओढ्यांचं बरोबर लिहिलंय. त्यामागचं गणित मांडतो, कारण "इथे तर पाऊसच नाही" हे वाक्य या दरीत फार फसवं आहे.

तुम्ही दरीच्या तळाशी असता. ओढ्यात येणारं पाणी वरच्या माथ्यावर पडलेलं असतं, आणि माथ्याचं आभाळ खालून दिसत नाही. समजा एखाद्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र फक्त २ चौरस किमी आहे आणि तासाभरात ५० मिमी पाऊस पडला. म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. त्यातलं निम्मं जरी त्याच तासात ओढ्यात उतरलं तरी सेकंदाला जवळपास १४ घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला एका मोठ्या टँकरइतकं पाणी. बेसॉल्टचा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर आणि ती माती आधीच चार महिने भिजलेली. पाणी मुरायला जागाच नसते. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला संपलेल्या २४ तासांत ५५६ मिमी पाऊस नोंदला गेला, यावरून या माथ्याची ताकद कळावी.

आता पायावरचा जोर. गुडघ्याइतक्या पाण्यात दोन्ही पायांवर प्रवाहाचा धक्का सेकंदाला १ मीटर वेगाला अंदाजे ५ किलोभाराचा असतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट, म्हणजे २० किलो. तिप्पट झाला की ४५ किलो, तोही शेवाळी दगडावर एका पायावर उभं असताना. खोली तीच, पण मघाशी सहज ओलांडलेला ओढा परतताना माणूस उचलतो, तो यामुळे.

मोजायचं कसं? सुकी काटकी प्रवाहात टाका आणि तिच्या बरोबरीने काठाने चाला. झपाझप चालूनही काटकी पुढे जात असेल आणि पाणी गुडघ्याला असेल, तर उतरायचं नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर काटकी टाकायचीही गरज नाही.

जाताना प्रत्येक ओढ्यावर पाण्याच्या रेषेला एक ठळक दगड ठेवा आणि कोरड्या बाजूचा फोटो काढा, वेळ आपोआप नोंदली जाते. दोन वाटाडे असतील तर एकाने शेवटच्या मोठ्या ओढ्यावरच थांबणं सगळ्यात उत्तम. पंधरा मिनिटांत पाणी चार बोटं वर आलं की त्याने शिट्टी द्यायची. त्याची शिट्टी कुंडापर्यंत ऐकू जाणार नाही, म्हणून मध्ये एक माणूस हवा.

पाणी वाढायच्या आधीच्या खुणा: नितळ पाणी गढूळ होणं, अचानक पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, आवाज खर्जात जाणं (तळातले धोंडे गडगडायला लागतात), ओल्या मातीचा वास. यातली एक जरी दिसली तरी पाण्यातून बाहेर, काठावर उंच जागी.

रोपवाला | १० सप्टेंबर, सकाळी ७:३०

पाणलोट यांच्याशी सहमत, पण दोर असेल तर गुडघ्याच्या वरचंही पाणी पार करता येतं. प्रत्येकाच्या कमरेला दोर बांधून एकेकाला ओढून घ्यायचं. अनेक ग्रुप असंच करतात.

कातळवाट | १० सप्टेंबर, सकाळी ८:१५

@रोपवाला, कमरेला दोर बांधणं ताबडतोब बंद करा. कृपया हे सगळ्यांनी नीट वाचावं.

बांधलेला माणूस घसरला की प्रवाह त्याला दोराच्या टोकापर्यंत नेतो आणि तिथे दोर ताणला जातो. मग पाणी त्याला खाली दाबतं. काठावरचे लोक जितकं ओढतील तितका तो पाण्याखाली जातो. गाठ ओली आणि ताणलेली असल्याने सुटत नाही. दोर हाताने धरायचा असतो, अंगाला बांधायचा नसतो.

धरायचा दोर असा लावतात: १० किंवा ११ मिमीचा, न ताणणारा, ३० मीटर. दोन्ही काठांवर जिवंत, मांडीएवढ्या खोडाला, छातीच्या उंचीवर. ओढ्याला काटकोनात नाही, तिरका. पलीकडचं टोक प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणीच तुम्हाला पलीकडच्या काठाकडे ढकलतं. चालणाऱ्याने दोराच्या खालच्या अंगाला राहायचं, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, दोन्ही हात दोरावर, पाय उचलून न टाकता सरकवत न्यायचे. एका वेळी एकच माणूस. सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा आधीच सोडलेला, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल.

शिवाय दहा-पंधरा मीटर खाली एक माणूस तरंगणारा फेकायचा दोर (१५–२० मीटर, पिशवीत भरलेला) घेऊन उभा हवा. तो नसेल तर वरचा दोर लावूच नका. खालच्या बाजूला लगेच धबधबा किंवा अडकलेले ओंडके असतील तर कितीही दोर असोत, ती जागा ओलांडायची नाही.

वाहून गेलात तर उभं राहायची घाई करू नका. पाठीवर, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ, हातांनी तिरपं काठाकडे. वाहत्या पाण्यात पाय खाली टाकला आणि दोन दगडांत अडकला की प्रवाह माणसाला वाकवून बुडवतो.

घोटाभर ते पोटरीभर पाण्याला दोर लागतच नाही. तिघं-चौघं एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरून एका रांगेत, रांग प्रवाहाला समांतर, सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला. मागच्यांना त्याच्या आडोशाचं संथ पाणी मिळतं.

रोपवाला | १० सप्टेंबर, सकाळी ९:०२

पटलं. खाली माणूस उभा करण्याचा मुद्दा आमच्याकडे पूर्ण सुटलाय. पिशवीतला दोर आजच यादीत घालतो.

ऋतुगंधा | १० सप्टेंबर, सकाळी ११:४५

कुंडाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ओढे टाळून सुखरूप पोचलेली माणसं कुंडात जीव गमावतात. सगळ्यांना पोहता येत होतं, असं नंतर कळतं.

धारेखालचं पाणी साधं नसतं. उंचावरून पडताना त्यात हवा मिसळते, पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. त्या फेसाळ पाण्याची घनता कमी, म्हणून शरीर तरंगत नाही आणि हात मारले तरी पकड मिळत नाही. धार तळाला आपटून बाहेर पसरते आणि पृष्ठभागावरचं पाणी पुन्हा धारेकडे ओढलं जातं. हा भोवरा काठावरून दिसत नाही. तळाला रांजणखळगे (पाण्याने कातळात कोरलेले खोल खड्डे) आणि कपारी असतात. कमरेएवढं पाणी पुढच्या पावलाला डोक्यावर जातं. वर पाण्याचा गारवा: दमलेले, घामेजलेले लोक एकदम उतरले की श्वास आपोआप ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं.

धारेखाली उभं राहायचं नाही याचं आणखी एक कारण वर आहे. पाण्याबरोबर दगड आणि फांद्या येतात. ५० मीटरवरून सुटलेला दगड, हवेचा विरोध सोडला तर, खाली येताना ताशी ११० किमीपेक्षा जास्त वेगात असतो.

वाटाड्याने दोर किंवा दगडांची हद्द घातलेली असते, तिच्या आतच थांबा. पाण्यात पाय सोडून बसायचं तर कुंडाच्या बाहेर पडणाऱ्या उथळ प्रवाहात, तेही सगळ्यांत खालच्या बाजूला माणूस ठेवून. लाइफ जॅकेट घातलं म्हणजे धारेपर्यंत जायला परवाना मिळाला असं नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पोहत नव्हते, प्रवाहाच्या मधोमध कातळावर उभे होते. पाणी वाढलं आणि दोन्ही बाजूंनी काठ तुटला. कुंडावर बसायची जागा निवडताना एवढंच बघा की तिथून पाण्यात पाय न घालता रानात जाता येतं का. येत नसेल तर ती जागा कितीही सुंदर असो, बसू नका.

नवी_पालवी | १० सप्टेंबर, दुपारी ३:१०

खूप उपयोगी. बूट, कपडे आणि सॅकबद्दलही सांगाल का? निम्मे लोक पहिल्यांदाच येताहेत.

शेवटचा_भिडू | १० सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

बूट: खोल खाचांचा मऊ रबरी तळ. ओल्या बेसॉल्टवर कडक प्लास्टिकचा तळ साबणासारखा घसरतो. जिमचे बूट, चपला, क्रॉक्स बाद. घोट्याच्या वर जाणारे वॉटरप्रूफ बूट इथे उलटे पडतात: ओढ्यात वरून पाणी भरतं आणि निघत नाही. जाळीचा, पाणी सोडणारा बूट बरा. ओढ्यात बूट काढू नका, अनवाणी पाय दगडांत कापतो आणि तोल जातो. मोजे काढून सॅकमध्ये ठेवा, पलीकडे गेल्यावर पुन्हा घाला.

जुने, वर्षभर कपाटात पडून असलेले बूट सगळ्यात दगा देतात. तळाचा गोंद दमट हवेत सुटतो आणि चिखलात आख्खा सोल मागे राहतो. दोन मीटर नायलॉन दोरी प्रत्येकाने ठेवा, सोल बुटाला बांधून गाव गाठता येतं.

जीन्स नको. भिजली की जड होते, मांडीला घासते, वाळत नाही. पातळ, पटकन वाळणारी पूर्ण पँट, लांब बाह्या. पोंचो सपाटीवर ठीक, पण रानात फांद्यांत अडकतो, आणि ओढ्यात त्याचं शीड होतं. तो काढूनच पाण्यात उतरा.

सॅकमध्ये: २ लिटर पाणी (पाऊस असला तरी घाम तेवढाच जातो), ओआरएसची दोन पाकिटं, कोरडा टी-शर्ट आणि मोजे प्लास्टिक पिशवीत गाठ मारून, विजेरी (दिवसा निघालात तरी), शिट्टी, ४ इंची क्रेप बँडेज. खायला भाकरी-चटणी, शेंगदाण्याचे लाडू, खजूर. बिस्किटांचे पुडे कमी ठेवा, कागद रानात राहतात. रेनकव्हरवर भरवसा नको. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावा, सॅक पाण्यात पडली तर तरंगतेसुद्धा.

हातात काठी हवी. गावात छातीएवढी बांबूची मिळते. ओढ्यात तीच तिसरा पाय.

डॉ_पाऊलवाट | १० सप्टेंबर, रात्री १०:१५

वैद्यकीय बाजू थोडक्यात.

सगळ्यात जास्त होतं ते घोटा मुरगळणं, तेही उतरताना, परतीच्या शेवटच्या तासात. बूट काढू नका, सूज येऊन परत जाणार नाही. बुटावरूनच आठच्या आकड्यात क्रेप बांधा. चालता येत नसेल तर हे लक्षात घ्या: अशा वाटेवर एका माणसाला उचलून न्यायला आलटून-पालटून सहा ते आठ जण लागतात आणि नेहमीच्या तिप्पट-चौपट वेळ. म्हणून निर्णय लवकर घ्या, एकाला गावात पाठवा. १०८ आणि ११२ ला फोन रेंजमध्ये आल्यावरच लागणार.

साप: चावा घेतलेला अवयव हलू देऊ नका, फळी किंवा काठी बांधून स्थिर ठेवा. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. कापणं, चोखणं, करकचून आवळणं, काही नाही. माणसाला चालवू नका, उचला. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. ओल्या रानात फांदीवर, हाताच्या उंचीला बसणारा हिरवा चापडा यात येत नाही, त्यावर उपचार लक्षणं बघून होतात. म्हणून आधारासाठी फांदी धरताना आधी बघायचं, मग धरायचं. जवळचं मोठं सरकारी रुग्णालय माणगावला. लस आहे का, हे निघण्याआधी विचारून ठेवा.

गारठा: सप्टेंबरातही भिजलेला माणूस वाऱ्यात बसून राहिला की कुडकुडतो. कुडकुडणं थांबलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर ते सुधारणं नव्हे, बिघडणं आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड खायला-प्यायला द्या.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा जंतूंचा ताप): साचलेल्या पाण्यात, चिखलात जखम उघडी ठेवू नका. नंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "रानात ओढ्यातून चाललो होतो" हे आठवणीने सांगा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

चोर्लाघाट | ११ सप्टेंबर, सकाळी ६:५५

एक दुरुस्ती आणि थोडी भर. भिऱ्याच्या रानाला बरेच जण सरसकट वर्षावन म्हणतात. ते निमसदाहरित आहे, काही झाडं उन्हाळ्यात पानं गाळतात. उत्तर सह्याद्रीत पाऊस प्रचंड पण चारच महिने, मग सात-आठ महिने कोरडे. दक्षिणेकडे जाल तशी ही कोरडी मुदत कमी होते आणि रान खऱ्या अर्थाने सदाहरित होतं: आंबोली, चोर्ला, गोव्यातलं मोलें, पुढे कर्नाटकातलं आगुंबे. हा फरक फक्त नावाचा नाही. दक्षिणेत वाटाड्याबरोबरची तयारी बदलते.

जळवा: कोयना, आंबोली, चोर्ला, मोलें इथे भरपूर. मिठाची पुरचुंडी पावसात विरघळून जाते. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे, पँट त्यांच्या आत खोचलेली, मोज्यांवर कोरडा साबण घासलेला किंवा चुना-तंबाखूचं पाणी मारलेलं. दर वीस मिनिटांनी, मोकळ्या कातळावर थांबून एकमेकांचे पाय बघा, पाल्यावर थांबू नका. चिकटली तर ओढू नका, जाळूही नका. अरुंद टोकाकडे नख सरकवून पकड सोडवा, मग दुसरं टोक. रक्त बराच वेळ येतं, कारण जळू गोठू न देणारं द्रव्य सोडते. दहा मिनिटं दाबून धरा आणि घाबरू नका.

गोचीड: दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात माकडतापाचे (गोचिडीच्या चाव्याने होणारा ताप) रुग्ण आढळलेले आहेत. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे पाऊस संपल्यावर. पाल्यावर बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे लगेच धुवायला. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

दलदल: दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. जमिनीतून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं ही त्या झाडांची श्वास घ्यायची सोय. त्यावर पाय दिला की साल सोलते. वाटाड्या नेईल त्याच कडेने जा.

कुळागर | ११ सप्टेंबर, सकाळी ९:२०

चोर्लाघाट यांनी मोलेंचं नाव घेतलं म्हणून तिथल्या दूधसागर धबधब्याचं सांगते, कारण महाराष्ट्रातून सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच असते. कॅसलरॉक स्टेशनाहून किंवा कुळें स्टेशनाच्या बाजूने रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. या घाटात बोगदे आहेत, बाजूला सरकायला जागा नाही, आणि पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. रीतसर वाट म्हणजे पावसाळ्यानंतर, साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत, कुळेंहून वनखात्याच्या परवानगीच्या जीपने. जीप ओढे पार करत रानातून जाते, शेवटचा टप्पा धोंड्यांवरून चालायचा. लाइफ जॅकेट सक्तीचं. पावसाळ्यात गोव्यातल्या अभयारण्यांतल्या धबधब्यांवर निर्बंध असतात, वनखात्याकडून खात्री केल्याशिवाय गाडी काढू नका.

ऋतुगंधा | ११ सप्टेंबर, सकाळी ११:३०

ऑक्टोबरात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. खाजकुयलीच्या शेंगा पाऊस सरता सरता वाढतात आणि पुढे हिवाळ्यात वाळून त्यांची लव वाऱ्याने उडते. लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून लव उपटून काढा, मग धुवा. आणि कड्यांवर आग्या मोहोळं बसायला लागतात. अत्तर, धूर, फटाके, ड्रोन, मोठ्याने गाणी, यातलं काहीही कड्याखाली नको. माश्या उठल्या तर पाण्यात बुडी मारू नका. त्या वरच घिरट्या घालतात आणि तुम्हाला श्वासाला वर यावंच लागतं. तोंड झाकून दाट झाडीत, आलेल्या वाटेने लांब पळा.

नवी_पालवी | ११ सप्टेंबर, दुपारी २:४०

शेवटचा प्रश्न. इतकं सगळं पाळूनही परतताना ओढा भरलाच, तर १६ जणांनी नक्की करायचं काय?

पाणलोट | ११ सप्टेंबर, रात्री ८:५०

थांबायचं. या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही.

लहान पाणलोटाचा ओढा जितक्या झपाट्याने चढतो तितक्याच झपाट्याने उतरतो. वरचा पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा दोन-तीन तासांत पाणी निम्म्याने खाली येतं. काठापासून मागे, पाण्याच्या जुन्या खुणांच्या (झाडांना अडकलेला कचरा, चिखलाची रेघ) वर सपाट जागा निवडा. दरडीखाली नको, वाळलेल्या झाडाखाली नको, विजा चमकत असतील तर एकट्या उंच झाडाखाली आणि उघड्या कातळावरही नको. गणती करा. सगळ्यांनी कोरडं घाला, खाणं एकत्र करा आणि मोजून वाटा. काठावर दगडाची खूण लावून दर दहा मिनिटांनी एकाने पाणी बघायचं.

पलीकडे जायची दुसरी जागा शोधायला ग्रुप विखरू देऊ नका. वाटाड्याला वरच्या अंगाला दुसरा उतार माहीत असेल तर तो एकटा बघून येईल, बाकीचे जागचे हलणार नाहीत. अंधार पडला तर रात्र तिथेच. भिजलेली, भुकेली रात्र निघून जाते.

गावात हे आधीच सांगून ठेवलेलं असावं: गाडीचा नंबर, सोळा जणांची नावं, निघण्याची वेळ आणि "सहापर्यंत आलो नाही तर ओढ्यापलीकडे थांबलोय असं समजा". म्हणजे गावातली माणसं दोर घेऊन नेमक्या त्याच काठावर येतात. तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत हवी, एक म्हणजे सगळे ठीक, थांबलोय. हे संकेतही गावातच ठरवून निघा.